चांदणी वाकडी झाली, चूक कोणाची?

(जुन्नर-आंबेगाव भागातल्या महिला गटांच्या आळेफाटा येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीच्या निरोपात विषय लिहिला होता, 'क्रोशाच्या चांदणीच्या दुपट्यातल्या अडचणी'. निरोप मिळाल्यावर दोघी-तिघींनी विचारलं, ताई, आपण हिंसेवर बोलतो, सातबाऱ्यावर बोलतो, दारूबंदीवर बोलतो. हा विणकामाच्या वर्गातला विषय मधेच कुठून आला?

प्रश्न रास्त आहे. गेल्या हंगामात आपल्या ओळखीच्या काही गटांनी लहान बाळांची चांदणीच्या आकाराची दुपटी विणायचं काम घेतलं. कांदा लागवड आटोपली होती, हाताला थोडी उसंत होती. बायकांनी रात्री जागून, एसटीची वाट बघताना फाट्यावर बसून, शेरडांमागे फिरता फिरता दुपटी विणली. त्यातली बरीच परत आली. मजुरी कापली गेली, वर लोकरीची किंमतही बायकांच्या नावावर मांडली गेली. आणि एकीनंही तोंड उघडलं नाही. मी घरोघर जाऊन विचारलं तेव्हा जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच होतं, "माझाच हात कच्चा. दुसऱ्याला काय बोल लावायचा?"

हे उत्तर आपण बायका आयुष्यभर देत आलो आहोत. भाकरी करपली, माझंच लक्ष नव्हतं. मुलगी झाली, माझंच नशीब. नवऱ्यानं हात उचलला, माझंच काहीतरी चुकलं असेल. म्हणून आज आपण एका दुपट्यातली चूक धाग्यापर्यंत शोधून काढू. चूक नेमकी कुठे आहे हे दाखवता आलं की ती कोणाच्या पदरात घालायची हेही सांगता येतं.

चांदणी सपाट कशी बसते?

क्रोशाचे टाके आपल्यातल्या बहुतेकींना ठाऊक आहेत. साखळी, मुका खांब आणि खांब. मुका खांब बुटका. खांब उंच, साधारण त्याच्या दुप्पट. रुखवतातले रुमाल, दारावरची तोरणं, टीव्हीवरची झाकणं, सगळं या तीन टाक्यांवर उभं असतं.

आता गोल रुमाल आठवा. खांबाचा गोल रुमाल १२ खांबांनी सुरू होतो आणि दर फेरीला १२ खांब वाढतात, तेव्हा तो जमिनीवर सपाट बसतो. तोच रुमाल मुक्या खांबांचा केला तर ६ टाक्यांनी सुरुवात आणि दर फेरीला ६ ची वाढ पुरते. कारण उघड आहे. खांब उंच असल्यामुळे प्रत्येक फेरी एकदम जास्त बाहेर सरकते आणि परीघ जास्त वाढतो. मुक्या खांबाची फेरी निम्मीच सरकते. एवढी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पुढचं सगळं हिच्यावरच उभं आहे.

गटांना मिळालेली चांदणी सहा टोकांची होती. टोकाला वाढवायचं आणि दोन टोकांमधल्या खाचेत घटवायचं. टोक म्हणजे आपला हडसर, चावंड; खाच म्हणजे मधली खिंड. असं डोळ्यांपुढे आणलं की चुकत नाही.

पहिल्या फेरीला मधल्या कड्यात सहा वेळा 'दोन खांब, दोन साखळ्या' घालायच्या. झाले १२ खांब. दोन साखळ्यांची जी फट राहते, तेच टोक. दुसऱ्या फेरीला प्रत्येक फटीत दोन खांब, दोन साखळ्या, दोन खांब. मधले दोन खांब तसेच सोडून द्यायचे. झाले २४. तिसऱ्या फेरीला टोकाच्या फटीत पुन्हा तेच. बाजूला एक खांब, मग खाचेतले दोन सोडायचे, मग एक खांब, आणि पुढचं टोक. झाले ३६.

म्हणजे हिशेब असा: टोकाला प्रत्येक बाजूला दोन खांब वाढले, खाचेत एक घटला, उरली एकाची वाढ. सहा टोकांच्या बारा बाजू, म्हणून दर फेरीला १२ खांब वाढले. गोल रुमालाला वाढतात तेवढेच. म्हणून चांदणी सपाट बसते.

यातून एक सोपा नियम निघतो. जितवी फेरी, तितके खांब एका बाजूला. दहाव्या फेरीत टोकापासून खाचेपर्यंत १० खांब असलेच पाहिजेत, आणि पुऱ्या फेरीत १२०. अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा हे बोटांवर मोजू शकते. इंग्रजी कागद वाचता आला नाही म्हणून काही अडत नाही.

दुखणी आणि त्यांची कारणं

आता परत आलेल्या दुपट्यांकडे वळू. मी ती गोळा करून फेरी-फेरी मोजली. दुखणी चार-पाच प्रकारचीच निघाली.

पहिलं दुखणं झालरीचं. दुपटं सपाट बसत नाही, कडेला परकराच्या घेरासारख्या चुण्या पडतात. याचा अर्थ टाके गरजेपेक्षा जास्त झालेत. खाचेतले दोन खांब सोडायला विसरलं की हे होतं. नाहीतर टाका बुटका आणि वाढ उंच टाक्याची, असं झालं की होतं. या दुसऱ्या कारणाकडे मी परत येणार आहे.

दुसरं दुखणं वाटीचं. मधला भाग वर उचलला जातो, दुपट्याची टोपी होते. इथे टाके कमी पडलेत. टोकाला चारऐवजी तीनच खांब घातले, किंवा साखळ्या दोनऐवजी एक घातली, किंवा हात फार घट्ट आहे. हात घट्ट असेल तर तो बदलायच्या मागे लागू नका. एक नंबर जाड सुई घ्या. हाताला शिव्या देण्यापेक्षा सुई बदलणं स्वस्त पडतं.

तिसरं, एकच टोक आखूड किंवा वाकडं. बाकीची पाच नीट, एक रुसलेलं. असं टोक बहुधा सांध्याजवळचं असतं, जिथे फेरी सुरू होऊन संपते. फेरीच्या सुरुवातीला आपण तीन साखळ्या घालतो, त्या एका खांबाच्या जागी असतात. एका फेरीत त्या खांब म्हणून मोजल्या आणि दुसऱ्या फेरीत मोजल्या नाहीत, तर तिथली बाजू एका टाक्यानं मागे-पुढे होते. दहा फेऱ्यांनंतर ते डोळ्याला दिसतं. उपाय असा की प्रत्येक फेरी टोकाच्या फटीतूनच सुरू करायची. फेरी जोडली की शेजारच्या खांबावरून बिनउंचीच्या टाक्यानं सरकून फटीत जायचं आणि तिथून तीन साखळ्या. आणि ती जागा कळावी म्हणून तिथे दुसऱ्या रंगाचा खुणेचा दोरा बांधून ठेवायचा.

चौथं, खाचेतली भोकं. दोन खांब नुसते सोडले की तिथे जाळी दिसते. बाळाची बोटं त्यात अडकतात, म्हणून हा दोष खरोखर महत्त्वाचा. खाचेच्या आधीचे दोन खांब एकत्र बंद करायचे, नंतरचेही दोन एकत्र बंद करायचे. दोन्हीकडून एकेक टाका घटतो, हिशेब तोच राहतो आणि भोक बुजतं. मूळ कागदात मात्र 'दोन सोडा' एवढंच होतं. तेव्हा भोक पडलं ते कागदाच्या सांगण्याप्रमाणेच पडलं.

पाचवं, मापातला फरक. चार जणींनी तीच चांदणी तितक्याच फेऱ्यांची विणली तरी चार मापं येतात. हातांचा ताण वेगळा, सुया वेगळ्या, लोकरीचे गुंडेही जाडीला आणि रंगाच्या घाण्याला वेगवेगळे. यात कोणाचा गुन्हा नाही. म्हणून काम घेताना आधी दहा फेऱ्यांचा नमुना विणून त्याचं माप दोघांनी मान्य करायचं असतं. तसा नमुना कोणी मागितला नव्हता आणि आपणही दिला नव्हता.

आणखी एक सांगते. झालर बसावी म्हणून काही जणींनी दुपट्यावर गरम इस्त्री फिरवली. आपण 'लोकर' म्हणतो खरी, पण ही स्वस्तातली लोकर म्हणजे अ‍ॅक्रिलिकचा धागा. त्याला गरम इस्त्री लागली की तो मरतो, चपटा आणि निर्जीव होतो, आणि मग कशानंही सुधारत नाही. ओलं करून, सपाट पसरून, कडा टाचण्यांनी ताणून सावलीत वाळवायचं. आणि झालर टाक्यांच्या संख्येमुळे आली असेल तर तीही मात्रा चालत नाही, उसवावंच लागतं. उसवायची लाज धरू नका. उसवलेला धागा पुन्हा वापरता येतो, रात्र मात्र परत मिळत नाही. म्हणून दर पाच फेऱ्यांनी मोजा.

कागदात काय होतं?

परत आलेल्या दुपट्यांमध्ये सगळ्यात जास्त दुपटी झालरीची होती. मोजल्यावर नवल वाटलं. त्यांत टाक्यांची संख्या अगदी बरोबर होती. पाचव्या फेरीत ६०, दहाव्या फेरीत १२०, एकही चुकलेला नव्हता. पण टाका मुका खांब होता.

त्याच गटातल्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीचं दुपटं मात्र सपाट बसलं होतं. तिनं खांब घातले होते. कागद दोघींचा एकच. साहजिकच गटात बोललं गेलं की वयस्क बायकांचे हात आता चालत नाहीत, काम पोरींना द्या.

कागद मागवून पाहिला. त्यावर इंग्रजीत टाक्याचं नाव होतं 'डबल'. गोम इथेच आहे. क्रोशाच्या टाक्यांची इंग्रजी नावं दोन देशांत वेगवेगळी आहेत. इंग्लंडच्या पद्धतीत 'डबल' म्हणजे आपला मुका खांब, आणि खांबाला ते 'ट्रेबल' म्हणतात. अमेरिकेच्या पद्धतीत मुक्या खांबाला 'सिंगल' म्हणतात आणि 'डबल' म्हणजे आपला खांब. नाव एक, टाके दोन, आणि उंचीत दुपटीचा फरक.

आपल्याकडे जुन्या शिवणवर्गांत, मिशनच्या शाळांत इंग्लंडची नावं शिकवली गेली. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी शिकलेल्या मावशीनं 'डबल' ऐकलं आणि मुका खांब घातला. तिनं जे शिकली ते अचूक केलं. मुलगी मोबाइलवर अमेरिकन बायकांचे व्हिडिओ बघून शिकली होती, तिनं खांब घातला. तीही अचूक. कागद अमेरिकेचा होता आणि कोणत्या देशाची नावं आहेत हे त्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. वाढ खांबाची, म्हणजे दर फेरीला १२. टाका मुका, ज्याला ६ पुरतात. झालर पडणारच. तिथे कितीही कसलेला हात असता तरी पडलीच असती.

म्हणजे चूक हाताची नव्हती, वयाची नव्हती. चूक कागदाची होती, आणि कागद न तपासता वाटणाऱ्याची होती. दंड मात्र त्या मावशीनं भरला.

यापुढे इंग्रजी कागद आला तर एक खूण तपासा. कागदात कुठेही 'सिंगल' शब्द असेल तर तो अमेरिकन पद्धतीचा, कारण इंग्लंडच्या पद्धतीत तो टाकाच नाही. 'सिंगल' नसेल तर स्वतः ठरवू नका. देणाऱ्याला विचारा, आणि उत्तर कागदावर लिहून घ्या.

'फक्त दहा फेऱ्या वाढवा'

दुसरी गोष्ट मजुरीची. काही गटांना आधी ३० फेऱ्यांचं दुपटं सांगितलं होतं. नंतर निरोप आला, गिऱ्हाइकाला मोठं हवंय, फक्त दहा फेऱ्या वाढवा, मजुरीही त्या मानानं वाढवून देऊ. ३० च्या ४० फेऱ्या, म्हणजे मजुरीत एक तृतीयांश वाढ. ऐकायला न्याय्य वाटतं. सगळ्यांनी मान डोलावली.

आता आपलाच नियम लावू. पहिल्या फेरीत १२, दुसऱ्या फेरीत २४, असं करत तिसाव्या फेरीत ३६० खांब. ३० फेऱ्यांची बेरीज होते ५,५८०. चाळिसाव्या फेरीत ४८० खांब, आणि ४० फेऱ्यांची बेरीज होते ९,८४०. फेऱ्या वाढल्या एक तृतीयांश, काम वाढलं पाऊणपट. कारण शेवटच्या फेऱ्या सगळ्यात लांब असतात.

समजा, एखादी बाई मिनिटाला १२ खांब घालते. लहान दुपट्याला तिला पावणेआठ तास लागतील, मोठ्याला पावणेचौदा तासांना थोडे कमी. समजा, लहान दुपट्याला ३०० रुपये ठरले होते आणि मोठ्याला ४००. तर तिची तासाची कमाई सुमारे ३९ रुपयांवरून २९ रुपयांवर आली. मजुरी वाढली असं सांगून प्रत्यक्षात कापली गेली. टाक्यांच्या हिशेबानं मोठ्या दुपट्याचे ५२९ रुपये व्हायला हवे होते. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. तुम्ही घरी जाऊन दहा मिनिटं घड्याळ लावून आपले खांब मोजा आणि आपला आकडा आपण काढा.

कांद्याचा कडता आणि दुपट्याचा कडता

आळेफाट्याच्या बाजारात कांदा विकणाऱ्या घरांतल्याच आपण बायका. वजनात 'कडता' धरला तर काय होतं हे आपल्याला माहीत आहे. कडता बेकायदा आहे, हिशेबपट्टी मिळालीच पाहिजे, यासाठी शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं भांडण केलंय. घरचा पुरुष चार किलोंच्या कडत्यासाठी बाजार समितीत जाऊन आवाज चढवतो. त्याच घरातल्या बाईच्या सात दुपट्यांपैकी तीन कापली जातात, तेव्हा तो म्हणतो, "जाऊ दे, नाही तरी तू रिकामीच बसली होतीस."

ही रिकामी बाई कोणी पाहिली आहे का? पहाटे पाणी, मग शेण, भाकरी, मुलांचे डबे, दुपारी टोमॅटो तोडायला मजुरीनं, संध्याकाळी पुन्हा चूल. त्यानंतर ती लोकरीचा गुंडा हातात घेते. त्या वेळेला 'रिकामा वेळ' असं नाव दिलं की त्या वेळेत केलेल्या कामाला मोल द्यावं लागत नाही. दुपटं विणलं तर 'छंद', तेच दुपटं परदेशात विकलं तर 'निर्यात'. या दोन शब्दांच्या मधे जो पैसा आहे तो बाईपर्यंत येत नाही.

ही गोष्ट एकट्या आळेफाट्याची नाही. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर नावाचं गाव आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनरींनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली. पुढे तिचा परदेशात व्यापार वाढला. मारिया मीस नावाच्या जर्मन अभ्यासक स्त्रीनं तिथे राहून या बायकांचा अभ्यास केला आणि १९८२ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. तिला असं दिसलं की हजारो बायका जगाच्या बाजारासाठी लेस विणतात, पण त्यांना कोणी कामगार म्हणत नाही. त्या घरंदाज गृहिणी, फावल्या वेळात लेस करणाऱ्या. व्यापारी आणि निर्यातदार पुरुष. कामाचे इतके तुकडे केलेले की एक बाई नुसती फुलं विणते, दुसरी ती जोडते, आणि तयार माल कुठे जातो, कितीला विकला जातो हे दोघींनाही ठाऊक नाही. आपल्या गटांचं याहून वेगळं काय आहे? आपल्यालाही दुपटं कोणत्या देशात गेलं, त्यावर किती किमतीची चिठ्ठी लागली, हे माहीत नाही. आपल्या हाती पडला तो अर्धवट कागद.

कायदा काय म्हणतो?

घरी बसून केलेलं काम हे काम नाही, असं कायदासुद्धा म्हणत नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या व्याख्येत, दुसऱ्याचा माल घरी नेऊन तयार करून देणारी व्यक्ती कामगारच धरली होती. नाशिक रस्त्यानं पुढे गेलं की संगमनेर, सिन्नर ही बिडी कामगारांची गावं लागतात. तिथल्या बायका घरी पानं-तंबाखू आणून बिड्या वळत आल्या. ठेकेदार बिड्या खराब म्हणून बाजूला काढायचा, त्याला 'छाट' म्हणायचे. बिडी कामगारांच्या लढ्यांनंतर आलेल्या १९६६ च्या कायद्यानं दोन गोष्टी मान्य केल्या. घरी बिडी वळणारी बाई ही कामगार आहे. आणि दिलेला कच्चा माल, छाट काढलेला माल व त्याची मजुरी यांवरून तंटा झाला, तर तो सोडवायला सरकारनं अधिकारी नेमायचा. म्हणजे 'तुमचा माल खराब' हे मालकाचं वाक्य शेवटचं नाही, त्यावर दाद मागता येते, हे तत्त्व या देशात १९६६ मध्येच मान्य झालं.

अहमदाबादला इलाबेन भट्ट यांनी १९७२ मध्ये 'सेवा' ही स्वयंरोजगारी बायकांची संघटना कामगार संघटना म्हणून नोंदवली. मालक एक नाही, कारखाना नाही, मग संघटना कसली, असा सवाल त्यांनाही झाला. घरी काम करणाऱ्या बायकांचा प्रश्न त्यांनी थेट आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेपर्यंत नेला, आणि १९९६ मध्ये घरी होणाऱ्या कामाबद्दलचा १७७ क्रमांकाचा करार संमत झाला. भारतानं मात्र त्यावर अजून मान्यतेची मोहोर उठवलेली नाही. हे जुने कायदे आता २०१९ आणि २०२० च्या कामगार संहितांमध्ये सामावले गेले आहेत. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या दिलेली आहे, आणि २०२१ पासून ई-श्रमची नोंदणी सुरू आहे. ती नोंदणी फुकट आहे. नोंदणीनं मजुरी वाढत नाही. पण 'गृहिणी' या रकान्यातून आपण 'कामगार' या रकान्यात जातो, आणि सरकारच्या कागदावर आपण मोजल्या जातो. ज्यांची मोजणी नाही त्यांची मागणीही नसते.

आता करायचं काय?

भाषण ऐकून घरी गेलो आणि पुन्हा तोच कागद हातात घेतला, असं होऊ नये. म्हणून गटांशी बोलून काही गोष्टी मांडते.

एक. कागद मराठीत हवा. टाक्यांची नावं साखळी, मुका खांब, खांब अशी. आपल्यातल्या दोघी-तिघी मिळून ते करू शकतात. गटातल्या एकीनं आधी दहा फेऱ्यांचा नमुना विणायचा, देणाऱ्यानं तो मान्य करून त्यावर सही करायची, आणि तो नमुना गटाकडेच राहील. पुढे भांडण झालं तर दुपटं त्या नमुन्याशी ताडून पाहायचं.

दोन. मजुरी नगावर किंवा फेरीवर ठरवू नका, टाक्यांवर ठरवा. हजार खांबांना किती, असा दर. जोडणी, टोकं शिवणं, धुणं-वाळवणं याचे वेगळे.

तीन. लोकर घेताना वजन करा, माल देताना वजन करा, दोन्ही वहीत लिहा. गटाची वही ठेवणारी मुलगी असतेच. तिला या कामाचा मोबदला द्या, तेही काम आहे.

चार. माल नाकारला तर कारण लेखी मागा. 'फिनिशिंग नाही' हे कारण नव्हे. कितव्या फेरीत, कोणत्या बाजूला, किती टाके कमी-जास्त, हे दाखवायला सांगा. आता तुम्हाला नियम माहीत आहे. तुम्ही त्यांच्यासमोर मोजू शकता.

पाच. दोष कागदाचा निघाला तर मजुरी पुरी मिळाली पाहिजे. लोकरीचे पैसे बाईच्या अंगावर पडता कामा नयेत.

सहा. गटातल्या गटात एकमेकींच्या हाताला नावं ठेवणं बंद. वयस्क बाईचा मुका खांब आणि तरुण मुलीचा खांब, दोन्ही शिकलेल्या हातांचे आहेत. त्यांना एकमेकींविरुद्ध उभं केलं की मधला माणूस सुटतो.

एक अडचण मला माहीत आहे. तुम्ही म्हणाल, एवढं सगळं मागितलं तर काम दुसऱ्या गावाला जाईल. जाईल. शेजारच्या गावातली बाई कमी दरात घेईल, कारण तिलाही शाळेची फी भरायची आहे. म्हणून ही यादी एका गटानं घेऊन भागणार नाही. बेल्ह्याचा गट, ओतूरचा गट, मंचरचा, घोडेगावचा, सगळ्यांचा दर एकच पाहिजे. बाजारात कांद्याचा भाव पडला तर तो आपल्या हातात नसतो. आपल्या खांबाचा भाव निदान आपण एकमेकींचा पाडायचा नाही, एवढं हातात आहे. आज इथे जमलेल्या गटांनी निघण्याआधी आपापला मिनिटाचा आकडा सांगावा, म्हणजे हजार खांबांचा एक दर काढता येईल.

शेजारच्या आळे गावात त्या रेड्याची समाधी आहे, ज्याच्या तोंडून ज्ञानदेवांनी वेद वदवले असं आपण श्रद्धेनं सांगतो. दर चैत्रात यात्रा भरते, आपण नारळ फोडतो. मुक्या जनावराला वाचा फुटली याचं आपल्याला केवढं कौतुक! बाईनं मात्र तोंड उघडून आपल्या मजुरीचा हिशेब मागितला की ती उद्धट ठरते. ठरू दे. परत आलेली दुपटी मी सोबत आणली आहेत, पलीकडच्या सतरंजीवर मांडली आहेत. चहा झाला की तिथे बसू. ज्या मावशींना आपला हात कच्चा वाटतो त्यांनी पहिल्यांदा मोजायला घ्यावं. दहावी फेरी, एका बाजूला दहा. बघा बरोबर येतात का.